आमच्याकडचा दुखवटा

परदेशातून परतलेल्या शिक्षकाचा त्या काळी नाशिकमध्ये सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, एकामागून एक भाषणं आणि शेवटी सत्कारमूर्तीने 'तिकडची स्वच्छता आणि शिस्त' यावर बोलायचं, हे ठरलेलं. आमच्या गटातल्या सगळ्यांचे सत्कार झाले. एकाचा तर दोनदा झाला, एकदा शाळेत आणि एकदा निफाडकडे त्याच्या गावी. माझा झाला नाही. माझ्याकडे लोक दुखवट्याला आले.

असं का झालं ते सांगायचं तर आधी आम्ही कोण ते सांगावं लागतं, आणि ते सांगायचा मला जन्मभर कंटाळा आहे. आमचं आडनाव कोकणातल्या एका गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यामुळे निम्मे लोक आम्हाला कोकणस्थ धरतात आणि दुपारच्या जेवणाला मटणाचा वास आला की गोंधळतात. दारात तुळस नाही, मग ख्रिश्चन असतील म्हणावं तर भिंतीवर क्रूसही नाही. आम्ही ज्यू. कोकणातले बेने इस्राएल. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला 'शनवार तेली' नाव दिलं. आम्ही या देशात कधी आलो असं आईला विचारलं तर ती म्हणायची, 'आलो कुठे? इथलेच आपण.' ज्यू म्हणून आम्हाला इथे कुणी कधी दुखवलं नाही. दुखवायला आधी ओळखावं लागतं, आणि आम्हाला तर कुणी ओळखतच नव्हतं.

वडील नाशिकरोडला सरकारी नोकरीत होते म्हणून आम्ही नाशिकचे झालो. आमच्यातली थोडी घरं तेव्हा नाशिकरोड, देवळाली भागात होती. इथे आमचं प्रार्थनालय नव्हतं. मोठ्या सणाला ठाण्याला जायचं. सत्तरनंतर ती थोडी घरंही एकेक करून उठली. सगळी इस्राएलला. कपाटं, पाटे-वरवंटे, शिवणयंत्रं शेजाऱ्यांना देऊन माणसं निघून गेली. माझा धाकटा भाऊ सातपूरच्या कारखान्यात फिटर होता, तोही गेला. वडील त्याआधीच वारले होते. मागे राहिलो आई आणि मी.

भावाच्या प्रत्येक पत्रात एक परिच्छेद ठरलेला असायचा. आईला पाठव, तूही ये, आपल्या लोकांवर जे गुदरलं त्यानंतर आपली जागा इथेच आहे. मी मोठ्याने वाचायची. आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि विचारायची, 'कुठल्या आपल्या लोकांवर?' तिच्या लेखी आपले लोक म्हणजे अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे आणि नाशिकरोड. त्यांच्यावर काही गुदरलेलं नव्हतं. 'मला इथे बरं आहे,' असं म्हणून ती पत्र मिसळणाच्या डब्याखाली सरकवायची, आणि माझ्या जिवात जीव यायचा.

मला आई हवी होती. एवढंच आहे, यात मोठा विचार काही नाही. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि व्हायचं वय उलटून गेलं होतं. आमच्यात लग्नाला मुलगे उरले नव्हते, सगळे विमानात बसले होते. शाळेतून दमून आल्यावर दार आतून उघडावं, एवढं माझं मागणं होतं. ती गेली असती तर मला तिच्यामागे जावं लागलं असतं, नाहीतर रोज संध्याकाळी स्वतःच कुलूप काढावं लागलं असतं. मला दोन्ही नको होतं.

मी इतिहास शिकवायची. आमच्या पाठ्यपुस्तकात दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात ज्यूंच्या हत्याकांडावर तीन ओळी होत्या. मी त्या दरवर्षी वाचून दाखवायची आणि पुढच्या मुद्द्याकडे जायची. मुलांना त्या हुकूमशहाच्या मिशीचं आणि भाषणांचं जास्त कौतुक. वक्तृत्व स्पर्धेत दर दोन वर्षांनी एखादा तरी मुलगा त्याच्यासारखे हातवारे करून ढाल घेऊन जायचा. परीक्षकांत मी बसलेली असायची. राग यायला हवा हे मला कळायचं, पण यायचा नाही. कोकणातल्या शनवार तेल्याचा आणि त्या युरोपातल्या गोष्टीचा संबंध माझ्या मनात जोडलाच जात नव्हता.

ऐंशीनंतर एकदोन वर्षांत पूर्व जर्मनीशी मैत्री जोडणाऱ्या एका संस्थेने जिल्ह्यातल्या काही शिक्षकांचा अभ्यासदौरा काढला. आमचे मुख्याध्यापक गटप्रमुख होते, त्यांनी माझं नाव घातलं. कार्यक्रमपत्रिकेत शाळा, कारखाना, नाटक आणि एका छळछावणीच्या जागेवरचं संग्रहालय होतं. ते वाचून मी मनाशी एक गोष्ट ठरवली. तिथे उभं राहून मला जर आतून काही वाटलं, ही आपली माणसं होती असं वाटलं, तर भावाचं खरं. मग मी स्वतः आईला घेऊन जाईन. आणि नाही वाटलं तर तो विषय कायमचा बंद. मुलांच्या परीक्षा घेऊन घेऊन मला स्वतःचीही परीक्षा घ्यायची खोड लागली होती.

संग्रहालय बर्लिनपासून बसने तासाभरावर होतं. बसमध्ये सगळे कानटोप्या घालून गप्प बसले होते, थंडीमुळे. आमची दुभाषी विद्यापीठात हिंदी शिकलेली जर्मन मुलगी होती. तिची हिंदी इतकी शुद्ध की आम्हालाच अर्थ लावत बसावं लागायचं. फाटकाशी मुख्याध्यापक तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ, शेवटचं वाक्य सगळ्यांनीच ऐकलं. 'हमारे साथ एक ज्यू शिक्षिका भी हैं.' त्यात चांगुलपणाच होता, आणि थोडा अभिमानही. आमच्या गटात एक दुर्मीळ वस्तूही आहे, असा.

त्या मुलीचा चेहरा बदलला. ती माझ्याजवळ आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, 'आपके परिवार से कौन-कौन?' मी म्हटलं, कोणी नाही. तिला वाटलं, कोणी उरलं नाही. तिचे डोळे भरून आले. आता तिथे बर्फात उभं राहून मी तिला कोकणातल्या घाण्याची गोष्ट कुठून सांगणार? मी मान हलवली. त्यानंतर ती प्रत्येक दालनात मला सगळ्यांच्या पुढे घालायला लागली. मी पुढे, मग जरा अंतर सोडून बाकीचे आठ जण. त्या अंतराची मला जास्त लाज वाटत होती.

आत काय होतं ते मी पाहिलं. लाकडी फळ्यांचे तीन मजली बिछाने पाहिले. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा पाहिला, त्याच्यावर कैद्याचा प्रकार कळावा म्हणून शिवलेले रंगीत त्रिकोण पाहिले. बाहेर एक गोलाकार वाट होती, निरनिराळ्या खडीची. बुटांचे नवे तळवे किती टिकतात ते बघायला कैद्यांना त्या वाटेवर दिवसचे दिवस चालवत, पडेपर्यंत. ज्यूंच्या बराकीत वेगळी दालनं होती आणि भिंतीभर फोटो. मी सगळे पाहिले, क्रमाने, एकही न सोडता. माझी सवयच आहे ती, उत्तरपत्रिका तपासतानासुद्धा मी पान सोडत नाही.

मला काही वाटलं नाही. जमिनीला मेणाच्या पॉलिशचा वास येत होता. भिंतीतल्या नळ्यांमधून गरम पाणी गुळगुळत होतं. उसने आणलेले बूट करंगळीला चावत होते आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या करंगळीवर जात होतं. मी स्वतःला म्हटलं, बघ, ही लहान मुलगी बघ, हिच्याकडे बघून तरी काही होऊ दे. काही झालं नाही. दात काढताना डॉक्टर गालात सुई देतो आणि मग हिरडीत काय चाललंय ते नुसतं कळतं, लागत नाही, तसं. मागे कुणीतरी हुंदके देत होतं. ते माझ्या खोलीत राहणाऱ्या विज्ञानाच्या बाई होत्या. भांडकुदळ बाई, शाळेत प्रयोगशाळेच्या किल्लीवरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. त्या रडत होत्या आणि मी कोरडी. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, यांना माझ्याकडून काहीतरी हवंय आणि ते माझ्याजवळ नाही.

परतताना बसमध्ये भूगोलाचे सर माझ्या शेजारी येऊन बसले. ते सिन्नरकडच्या खेड्यातले, बौद्ध. शिकून नाशिकला आलेले. कामापुरतं बोलणारा माणूस. खिडकीबाहेर बघता बघता ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'बाई, खरं सांगा. काय वाटलं?'

'काहीच नाही,' मी म्हटलं. त्यांना सांगायला संकोच वाटला नाही.

'मला लय राग आला,' ते म्हणाले. 'ती बाकावरची पाटी बघितली तुम्ही? ज्यूंनी इथे बसू नये म्हणून. मी तिथेच उभा राहिलो. आमच्या गावच्या विहिरीवर अशी पाटी नव्हती. लागतच नव्हती.'

एवढं बोलून ते पुन्हा खिडकीकडे वळले. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना तिथे स्वतःचं काहीतरी सापडलं होतं. ज्या एका बाईचं ते सगळं म्हणून लोक तिला पुढे घालत होते, तिला काही सापडलं नव्हतं. निकाल लागला, मी मनात म्हटलं. आता आईला कुठे न्यायला नको. आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही.

संध्याकाळी वसतिगृहावर मी पलंगावर बसून मोजे वाळत घालत होते, तर खोलीत फोडणीचा वास आला. विज्ञानाच्या बाईंनी नाशिकहून विजेची शेगडी, तांदूळ, डाळीचं पीठ, हिंग, मोहरी असा सगळा संसार बॅगेतून आणला होता. शेगडी लावायला मनाई होती, पण मनाई मानतील तर त्या विज्ञानाच्या बाई कसल्या. इतके दिवस त्या भातच करायच्या. त्या दिवशी त्यांनी पिठलं केलं. मग दार वाजलं आणि एकामागून एक सगळे आत आले. मुख्याध्यापक, भूगोलाचे सर, बाकीचे पाच जण. कुणी काही बोललं नाही. खुर्च्या दोनच होत्या, त्या रिकाम्या ठेवून सगळे खाली बसले, भिंतीला टेकून. पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या. विज्ञानाच्या बाईंनी ताटलीत पिठलं-भात वाढला आणि माझ्यापुढे ठेवला. 'दोन घास खा,' त्या म्हणाल्या. तीन वर्षांत त्या माझ्याशी इतक्या हळू बोलल्या नव्हत्या.

तेव्हा मला कळलं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, माणसं येऊन जवळ बसतात. ही माणसं माझ्याकडे दुखवट्याला आली होती. त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नव्हतं, म्हणून जे घरी केलं असतं तेच केलं.

माझं कोणी गेलेलं नाही हो, असं मला म्हणायचं होतं. ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. दिवसभर जे पाहिलं त्यानंतर, आमचं यात कोणी नव्हतं, असं तोंडाने म्हणणं मला जमेना. आणि हो म्हणणं हे खोटं. मी पिठलं-भात खाल्ला. मीठ जास्त झालं होतं. सगळे मी खाते आहे याकडे न बघता बघत होते. ताटली रिकामी झाल्यावर मुख्याध्यापक घसा साफ करून उठले आणि बाकीचेही गेले. भुकेली होते म्हणून मला शांत झोप लागली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लोकांना उगाच वाटतं की असं काही पाहिल्यावर झोप लागत नाही.

घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. विमानातली जेवणाची थाळी, काळा पाव, कारखान्यातल्या बायका, ट्रामगाड्या. संग्रहालयाचं सांगितलं नाही. त्या हत्याकांडाबद्दल तिने कधी ऐकलेलं नव्हतं. ठाण्याला प्रार्थनेनंतर कुणी कधी बोललं असेल, पण ते बाहेरच्या बाजूला, पुरुषांमध्ये. तिला युद्ध म्हणजे रॉकेलची रांग आणि रेशनचा गहू एवढंच आठवत होतं. मी ठरवूनच गप्प राहिले. भावाचं ठरलेलं वाक्य तिला कळू नये, हाच माझा स्वार्थ होता. तिने 'कुठल्या आपल्या लोकांवर?' असंच विचारत राहावं आणि तांदूळ निवडावेत.

पुढच्याच रविवारी सकाळी फाटक वाजलं. मी बाहेरच्या खोलीत आले तर सगळा गट, शिवाय शाळेतल्या चार-पाच बायका. सगळ्या साध्या साड्यांत. विज्ञानाच्या बाईंच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. मला सगळं एका क्षणात समजलं, पण दार आईने उघडलं होतं आणि तिने 'या, या' म्हटलंही होतं. कुणी 'या'ला उत्तर दिलं नाही. सगळे आत येऊन सतरंजीवर बसले. आई चहाला उठली तर मुख्याध्यापक म्हणाले, 'नको वहिनी, आज चहा नको.' ते वडिलांना ओळखायचे, म्हणून वहिनी म्हणत.

आई परत बसली. बायकांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. अशी बैठक ती ओळखत होती. शेजारपाजारच्या कितीतरी घरी ती स्वतः अशी जाऊन बसली होती. तिला वाटलं, माझ्या भावाचं काही झालं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, 'कोण गेलं?'

'कोणी नाही आई. तो ठीक आहे,' मी घाईने म्हटलं.

'मग ही मंडळी?'

मी मुख्याध्यापकांकडे बघितलं, डोळ्यांनी नको म्हटलं. पण पस्तीस वर्षं वर्गापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला डोळ्यांची भाषा कुठली कळायला? त्यांना वाटलं, मला बोलवत नाही म्हणून मी त्यांना सांगायला सांगते आहे. त्यांनी सांगितलं. समजावून सांगावं तसं, सुरुवातीपासून. पाटी, गाड्या, छावणी, फळ्यांचे बिछाने, मुलं. आवाज मोठा होता पण त्या दिवशी त्यांनी तो खाली ठेवला होता. 'तुमच्या लोकांवर फार मोठा प्रसंग गुदरला, वहिनी,' ते म्हणाले. 'आम्ही इतकी वर्षं तुमच्या शेजारी राहिलो, पण कधी आलो नाही. आम्हाला माहीतच नव्हतं.' भूगोलाचे सर खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होते. मग सगळे थोडा वेळ नुसते बसले आणि उठून गेले. डबा ठेवून गेले.

मला त्यांचा असा राग आला होता की मी दाराला कडी आणि वरची खिट्टी दोन्ही घातली. त्यांच्यावर रागवावं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं, म्हणून आणखी आला.

आई तशीच बसून होती. तिने विचारलं, 'खरं का ते?'

'हो.'

'पोरंसुद्धा?'

'हो.'

'त्यांच्यासाठी कुणी बसलं का?'

आमच्यात घरचं माणूस गेलं की सात दिवस चटईवर खाली बसायचं असतं. आईबाप, नवराबायको, भावंडं, लेकरं, एवढ्यांसाठीच. चुलत्यासाठीही बसत नाहीत. मी म्हटलं, 'मला नाही माहीत. बसायला कोणी उरलं असेल तर बसलं असेल.' उत्तर दिल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

आईने उठून चटई काढली, भिंतीशी अंथरली. पोलक्याची कड दातात धरून जराशी फाडली, वडील गेले तेव्हा फाडली होती तशी. आणि बसली.

'आई, असं काय करतेस? आपले कोण लागतात ते?'

'लोक दारात येऊन बसून गेले,' ती म्हणाली. 'पिठलं-भात ठेवून गेले. आता लागतात.'

ती सातही दिवस बसली. मी शाळेत जायची, यायची, तिला वाढायची. दुपारी वसाहतीतल्या बायका येऊन जात. त्यांना नीट काही कळलेलं नव्हतं. कुणी समजायचं की परदेशात बॉम्ब पडला, कुणी समजायचं भाऊ आजारी आहे. तरी बसायच्या. एका संध्याकाळी आई म्हणाली, 'मला एक तरी माणूस सांग. नुसतं पुष्कळ पुष्कळ म्हणून बसता येत नाही. कुणाचं तरी तोंड डोळ्यांपुढे लागतं.'

तेव्हा मला एक फोटो आठवला. छावणीतला नव्हता तो, त्याआधीचा, घरातला. एक बाई व्हरांड्यात पायरीवर बसून मांडीवरच्या पसरट भांड्यात शेंगा सोलत होती, मटाराच्या असाव्यात. कुणीतरी हाक मारल्यासारखी वर बघत होती, जरा वैतागून. 'वैतागून?' आईने विचारलं. 'हो. काम करताना मध्येच हाक मारली की होतं तसं.' 'नाव काय तिचं?' खाली लिहिलेलं होतं, पण जर्मनमध्ये, आणि मी दुभाषी मुलीला विचारलं नव्हतं. 'असू दे,' आई म्हणाली. 'मला दिसली.' आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. न पाहिलेल्या फोटोतल्या बाईसाठी माझी आई रडत होती आणि जिने फोटो पाहिला ती मी भाजी चिरत होते. माझ्या आत तेव्हाही काही हललं नाही. भीती मात्र वाटली. आई माझ्यापासून लांब जाते आहे हे मला स्पष्ट दिसलं.

शनिवारी, म्हणजे सातव्या दिवशी, सकाळी ती उठली. चटई झटकून गुंडाळून ठेवली, अंघोळ केली, फाटलेलं पोलकं बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, 'त्याला लिही, मी येते म्हणून.'

मी कप खाली ठेवला. 'तुला तर इथेच बरं होतं.'

'इथे बरंच आहे.'

'मग?'

'अगं, मंडळी आपल्याकडे येऊन गेली. परकी माणसं, ना नात्याची ना गोत्याची. आणि आपण? ज्यांची माणसं गेली ती तिथे आहेत म्हणतोस ना, त्या देशात, जी उरली ती?' ती घाईत मला भाऊ समजूनच बोलत होती. 'इतकी वर्षं झाली. मी अजून कुणाच्या दारी गेले नाही. असं चालतं का?'

आमच्या घरात दुखवट्याला न जाणं हे कुणाला माफ नव्हतं. वडील तापात होते तेव्हासुद्धा मालेगावला एका जुन्या सहकाऱ्याकडे एसटीने जाऊन आले होते. मी म्हटलं, भेटून ये आणि परत ये. ती म्हणाली, किती घरं असतील कुणास ठाऊक. मग म्हणाली, 'तू येतेस?' मी म्हटलं, 'शाळेचं वर्ष संपू दे.' ती समजली. तिने पुन्हा विचारलं नाही.

कागदपत्रांना वर्ष गेलं. मुंबईला विमानतळावर मी तिला पोचवायला गेले. विज्ञानाच्या बाई आल्या होत्या, सोबत म्हणून. आईने कोरी सुती साडी नेसली होती, कुणाकडे बसायला जाताना नेसायची तसली. इतर बायका परदेशी जाताना रेशमी नेसून आल्या होत्या. मी तिची पिशवी आत दिली, ती गेली, मी बसने नाशिकला आले. कुलूप काढलं, दिवा लावला. रडू येईल म्हणून थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग पाणी भरायला गेले. नळ जायची वेळ झाली होती. असंच मी त्यानंतर राहत आले आहे, मला कुणी विचारलं तर बरं आहे म्हणते, आणि ते खोटंही नाही. पण आई हवी होती ती हवीच आहे.

काही महिन्यांनी भावाचं पत्र आलं. त्यात नेहमीचा परिच्छेद नव्हता. लिहिलं होतं, आईचं काय करावं ते कळत नाही. दुपारी जेवण झालं की साडी बदलते आणि खालच्या मजल्यावर एका म्हातारीकडे जाऊन बसते. म्हातारी पोलंडहून आलेली, एकटीच. हिला तिची भाषा येत नाही, तिला मराठी येत नाही. ही बोलत काहीच नाही. तिने चहा दिला तर घेत नाही. तासभर बसते आणि उठून येते. आता पलीकडच्या जिन्यावरच्या दोन घरीही जायला लागली आहे. मला लोकांची लाज वाटते. काल ती म्हातारी वर आली आणि मला विचारायला लागली, ही बाई माझी कोण, ही माझ्याकडे का येते? मी काय सांगू तिला?

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. सांग, दुखवट्याला आली आहे. नाशिकला उशिरा कळलं.